उजव्या दारातला पंचम

मी बोलतोय, आणि खणखणीत बोलतोय. चालकाच्या बाजूच्या उजव्या दारात बसवलेला कंपनीचा स्पीकर मी. 'कंपनीचा' म्हटलं की लोक नाक मुरडतात. मुरडू द्या. आधी माझी गोष्ट ऐका, मग बोला.

जन्म माझा कारखान्यातला. तपासणीच्या टेबलावर खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवून दाखवावे लागले. मी एका दमात पास! मग एका पांढऱ्या इलेक्ट्रिक गाडीच्या दारात मला चार स्क्रूंनी आवळलं आणि मी सौंसरला सुखदेवभाऊंच्या अंगणात आलो. आता इथे राहून मीसुद्धा 'हो'ला 'हाव' म्हणतो.

सुखदेवभाऊ संत्र्याचे व्यापारी. झाडावरचा माल पाहून अख्ख्या बागेचा सौदा करणारा माणूस. त्यांची एक सवय होती. प्रत्येक बागेतलं एक फळ गाडीत बसून चाखायचं. दोन फोडी तोंडात टाकायच्या, मान डोलवायची नाहीतर तोंड वाकडं करायचं, आणि साल दाराच्या कप्प्यात कोंबायची. रस्त्यावर फेकत नसत, हा त्यांचा चांगुलपणा. वर म्हणायचे, "गाडीत वास कसा मस्त येऊन राहिला!" हा कप्पा नेमका माझ्या जाळीला लागून. संत्र्याच्या दिवसांत साली माझ्या नाकापर्यंत यायच्या.

त्यांची जुनी डिझेलची जीप असती तर काही बिघडलं नसतं. तिच्या धडधडीत कोण काय ऐकणार? पण या गाडीला इंजिनच नाही. ती चालू झाली की नाही, हेही विचारावं लागतं. अशा शांततेत सुई पडली तरी कळते.

ही शांतता सगळ्यात जास्त कुणाला आवडली असेल, तर भाऊंच्या लेकीला, ऋतुजाला. ती कॉलेजात शिकते आणि गाते. घराला लागूनच मालाचं शेड. दिवसभर खोके ठोकणं चालतं, ट्रक मागेपुढे होतात, हमालांचा आरडाओरडा. रियाज करायचा कुठे? पोरगी हुशार. उभ्या गाडीत बसायची, काचा वर, एसी चालू. ना धूर, ना थरथर. मोबाइलवर तानपुरा लावून गायची, रेकॉर्ड करायची आणि मग माझ्यावर ऐकायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे तास. खरं सांगतो, तिचा आवाज पोचवताना मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं.

मग साली वाळल्या. वाळलेली साल कडक होते, वळते, आणि जाळीला टेकली की एका ठरावीक सुरावर थरथरते. तो सूर निघाला ऋतुजाचा खालचा पंचम. तिथे पोचली की माझ्याकडून भर्रर्र! ढोल-ताशाच्या गाण्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पण एकट्या गळ्यात ते लपेना. तिने पुन्हा गायलं, पुन्हा ऐकलं. भर्रर्र. सात-आठ वेळा झालं, तेव्हा तिने मोबाइल बंद करून मांडीवर ठेवला.

रविवारी नागपूरला रेडिओ केंद्रावर तिची गाण्याची चाचणी होती. अर्ज करून चार महिने तिने चाचणीच्या बोलावण्याच्या पत्राची वाट पाहिली होती. सोमवारी गाडीत बसल्या बसल्या ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मी रविवारी नागपूरले जात नाई."

"काऊन वं? काय झालं?"

"माहा खालचा पंचम फाटून राहिला. मोबाइलवर लपते, मोठ्या स्पीकरवर खरं कळते."

"अवं, तो स्पीकरच फुसका असंन. कंपनीचा हाय ना! आपण नवा लावू."

"स्पीकर बदलून गळा बदलते का, बाबा?"

त्यानंतर दोन दिवस ती गाडीत आलीच नाही. माझा जीव तळमळला. अगं, खोट तुझ्यात नाही! माझ्यातही नाही! ओरडून सांगावं वाटे. पण कुणी वाजवलं तरच मी वाजणार. कधी नव्हे इतकी मला त्या सालींची चीड आली.

भाऊंच्या डोक्यात वेगळंच होतं. मोहगावच्या लग्नात त्यांच्या साळ्याच्या गाडीने काचा हादरवल्या होत्या. तेव्हापासून त्यांना वूफर हवा होता. गुरुवारी ते ऋतुजाला बळंच गाडीत घालून पांढुर्ण्याला मंगेशच्या दुकानात घेऊन आले. मंगेश गाड्यांचे साउंड बसवतो. अ‍ॅम्प्लिफायर, वूफर, दारांचे नवे स्पीकर, सगळा माल त्याने आधीच मागवून ठेवला होता.

पण गड्याची एक रीत होती. "आधी जुन्याले ऐकतो भाऊ, मंगच काढतो. बिमारी कोनाची हाय, ते तं कळलं पायजे."

भाऊंनी वरातीचं गाणं लावलं. मंगेशने हात हलवला. "असं नाई. बाजा नसलेलं लावा. निस्ता गळा."

भाऊंनी ऋतुजाचा मोबाइल उचलला. "बाबा, नका ना!" ती म्हणेपर्यंत गाणं सुरू झालं होतं. सूर खाली उतरत उतरत पंचमावर आला आणि भर्रर्र! ऋतुजाने तोंड फिरवलं. "पाहा, म्हटलं नवतं?"

मंगेश दाराजवळ आला. त्याने खाली वाकून माझ्या जाळीवर तळहात दाबला. त्याच्या हाताखालून पंचम स्वच्छ निघाला. हात काढला, भर्रर्र. हात दाबला, स्वच्छ. मग त्याने कप्प्यात हात घातला आणि मूठ-मूठ वाळक्या साली बाहेर काढून बॉनेटवर मांडल्या. बिया, देठं, मागच्या बहाराची एक सुकलेली फोडसुद्धा.

"भाऊ, दारात गोदाम टाकलं काय?"

गाणं पुन्हा लावलं. या वेळी मी पोरीचा पंचम असा दिला, असा दिला, की मंगेश पान थुंकायचं विसरला. ऋतुजा आधी हसली, मग रडायला लागली. "बाबा, तुमच्या सालीनं माहा गळा दाबला होता!"

सौद्यात कधी न हरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं वं माय माह्यं," ते म्हणाले. "जाशीन ना मंग रविवारी?"

"हाव."

मला वाटलं, आता मी वाचलो. कुठलं काय! माल मागवलेला, शब्द दिलेला. भाऊ म्हणाले, "सौदा म्हंजे सौदा. लाव नवा." मंगेशने छोट्या बॅटरीची तार सोडली. मोठ्या बॅटरीच्या, जिवावर बेतेल इतका करंट वाहणाऱ्या नारंगी केबलींपासून तो चार हात लांबच राहिला. भाऊंना चेष्टा सुचली. "संत्र्याच्या गावचा माणूस अन् नारंगीले भेते!"

"तुमच्या संत्र्यानंच तं हा घोळ केला, भाऊ."

चार स्क्रू निघाले. भंगाराच्या डब्याकडे मी जात होतो, तेवढ्यात ऋतुजाने मला दोन्ही हातांनी धरलं. "हा टाकू नका. मले द्या."

"देतो ना," मंगेश म्हणाला. "माठावर बसवून देतो. घुमंन मस्त."

रविवारी ती गाडीनेच नागपूरला गेली, नव्या स्पीकरांसोबत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिचा पंचम मी तपासून दिला होता. मला काळजी नव्हती. पोट्टी पास झाली.

सध्या माझा मुक्काम मालाच्या शेडमध्ये, एका मोठ्या माठाच्या तोंडावर. छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि मोबाइल जोडीला. काल सकाळी रेडिओवर ऋतुजाचं गाणं लागलं, मोबाइलमधून थेट माझ्यावर. खोके ठोकणारे थांबले. संत्री निवडणाऱ्या शकुबाईंनी हातातलं फळ तसंच धरून ठेवलं. "सुखदेवभाऊ, हे आपली ऋतुजा होय का? मले वाटलं कोनी मोठी बाई हाय!"

तुमच्या घरी कुणी पोरगी 'माझा आवाजच खराब' म्हणत असेल, तर एवढं माझं ऐका. तिला काही बोलण्याआधी दाराच्या कप्प्यात हात घालून पाहा.

तर काल रेडिओवरचा तिचा सूर खाली उतरत पंचमावर आला. सुखदेवभाऊ माझ्याशेजारीच उभे होते, हातात सोललेलं संत्रं. साल टाकायला त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गुपचूप आपल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याच्या खिशात घातली.