तीन अंशांची चूक

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. तोंडात धरून ताप बघायचा नव्हे, पाण्यात तरंगणारा. लाकडी खोळ, आत काचेची नळी, नळीत लाल रेघ आणि रेघेमागे आकडे छापलेला कागद. माझी उमेदीची वर्षं दूध डेअरीत गेली. दूध किती तापलं, किती निवलं, हे मला विचारल्याशिवाय कुणी ठरवत नसे. मोठे साहेबसुद्धा माझ्यापुढे वाकायचे! मग बटणांचं यंत्र आलं आणि माझी रवानगी झाली एका घरातल्या ड्रॉवरमध्ये, गंजक्या कात्रीशेजारी.

तिथून मला त्या घरातल्या आत्याने बाहेर काढलं. शहराला पाणी देणाऱ्या तलावात बुडी मारून तळाची जाळी साफ करायची, हे तिचं काम. आता गुडघे कुरकुरायला लागले म्हणून ती घरी बसली होती, आणि तिची जागा तिच्या भाचीला हवी होती. लहानपणापासून त्या मुलीने दुसरं काही मागितलंच नव्हतं. पण परीक्षा होती. भर थंडीत, रबरी पोशाख न घालता, दहा मिनिटं तलावात राहायचं आणि शेवटी दोराला गाठ मारून दाखवायची.

ड्रॉवरमधून काढताना मी आत्याच्या हातून निसटलो आणि फरशीवर आपटलो. काच फुटली नाही, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. आतला कागद जरा खाली सरकला होता, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं सांगतो, माझ्याही नाही.

अंगणात पत्र्याची टाकी ठेवली होती. पाण्यात बर्फ टाकायचा, मला सोडायचं आणि मी बारा अंश म्हटलं की भाचीने उतरायचं; थंडीत तलाव साधारण एवढाच गार असतो, असं आत्याचं म्हणणं. पहिले दोन दिवस नुसते पाय, मग कंबर, मग गळ्यापर्यंत. आधी एक मिनिट, मग दोन. पाणी छातीला लागलं की तिचा श्वासच अडकायचा. आत्या म्हणायची, चहा निववताना घालतो तशी हळू फुंकर सोड. मला नवल वाटायचं. गार पाण्यात बसून चहा कसला निववायचा? पण फुंकर घातली की मिनिटाभरात तिचा श्वास ताळ्यावर यायचा. दुसरं कोडं याहून मोठं. पाण्यात ती शांत असायची, आणि बाहेर येऊन अंग पुसलं, लोकर चढवली की मग दात वाजायला लागायचे. हे असं उलटं का? मी जन्मभर थंडी मोजली, पण मला कधी थंडी वाजलेली नाही. त्यामुळे मी आपला बघत राहायचो.

महिना झाला. दहा मिनिटं जमली, गाठ मात्र जमेना. बोटं लाकडासारखी व्हायची. आत्या कपाळाला आठ्या घालायची. बारा अंशांत तर ती स्वतः गप्पा मारत गाठी मारायची, मग या पोरीला एवढं का जड जातंय?  भाची एकदा टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. मी टाकीत तरंगत होतो, ऐटीत, बारा दाखवत.

परीक्षेच्या सकाळी आत्याने मला पिशवीत घालून नेलं. तलावाच्या पायरीवर परीक्षा घेणाऱ्या मुख्य साहेबांनी आपला थर्मामीटर बुडवला आणि सांगितलं, नऊ. भाचीचा चेहरा उतरला. बारा अंशांत बोटं चालत नाहीत, नवात काय चालणार? ती चपला घालायला लागली.

आत्याने काय मनात आणलं कुणास ठाऊक, मला त्याच पाण्यात सोडलं. मी बारा म्हणालो. तिने मला उचलून डोळ्यांजवळ धरलं, सरकलेला कागद बघितला आणि मटकन पायरीवर बसली.

"पोरी, महिनाभर तू नवातच बसत होतीस," ती म्हणाली. "तुझं अंग खरं सांगत होतं. मीच या आकड्याचं ऐकत बसले. तुला काही झालं असतं म्हणजे?"

भाचीने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला तर तळाशी जावंसं वाटलं, पण तरंगणाऱ्याला ती सोय कुठली?

"म्हणजे हे आपलंच पाणी," ती म्हणाली, आणि चपला काढून उतरली.

फुंकर सोडली. श्वास ताळ्यावर आला. नवव्या मिनिटाला तिने दोर हातात घेतला. पहिली गाठ सुटली. आत्याने पदर तोंडात धरला होता. दुसरी बसली. साहेबांनी हिसका देऊन पाहिलं. गाठ हलली नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, आता कचऱ्याचा डबा. पण भाचीने माझ्या खोळीवर खिळ्याने कोरलं, "तीन वजा करा", आणि मला पुन्हा टाकीशेजारी टांगलं. आता ती तिथं नव्या मुलींना शिकवते. एकटीने पाण्यात उतरायचं नाही, हा तिचा पहिला नियम.

म्हणून मित्रांनो, आम्हाला जपा, आपटू नका. आणि वर्षातून एकदा वितळत्या बर्फात बुडवून बघा. तिथं आम्ही शून्य दाखवायला हवं. आम्हीही चुकतो, आणि चुकताना आम्हाला काहीच दुखत नाही. कुणी समोर कुडकुडत असेल, तर आधी त्याच्याकडे बघा, मग माझ्याकडे.