बुटका दवंडीवाला

पूर्वी कंपन्या दुकानदारांना गल्ल्याशेजारी मांडायला चिनी मातीचे जाहिरातीचे पुतळे देत असत. साबणाची परीटीण, बिस्किटांचा गुबगुबीत मुलगा असे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला मुरलेले गुणवंतराव टिपणीस हे पुतळे वीस वर्षं जमवत होते. शहाण्णव साली गुडगावात नवे टॉवर उभे राहू लागले, पुण्या-मुंबईहून कंपन्यांत आलेल्या मंडळींना शोकेससाठी जुन्या वस्तू हव्याशा झाल्या, आणि बाजारात नकलांचं पीक आलं. मग गुणवंतरावांचा भाव वधारला. ते पुतळा उलटा करत, तळावरून अंगठा फिरवत आणि एकच शब्द बोलत, ‘अस्सल’ नाहीतर ‘नक्कल’. परदेशी कंपनीतला प्रसन्न तर त्यांना विचारल्याशिवाय काही घेत नसे.

त्या डिसेंबरात कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या हॉलमध्ये दिल्लीतल्या मराठी मंडळाने जुन्या वस्तूंचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. मधल्या टेबलावर गुणवंतरावांचा दवंडीवाला होता. लाल फेटा, गळ्यात डफ, डफावर चहाच्या कंपनीचं नाव. कोणी आणखी काही आणलं, तर ठेवायचं की नाही हे तेच ठरवणार होते.

अकराच्या सुमारास हिंदूराव भागातून भानुमतीबाई आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला पुतळा काढून टेबलावर ठेवला. तोही दवंडीवालाच होता.

“अडतीस साली ह्यांना चहाची एजन्सी मिळाली, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी स्वतः दिला,” त्या म्हणाल्या.

दोन्ही पुतळे शेजारी आले. बाईंचा दवंडीवाला गुणवंतरावांच्या पुतळ्यापेक्षा दोन बोटं उंच होता. अस्सल पुतळ्यावरून साचा घेतला की माती भट्टीत आटते, नक्कल मुळापेक्षा बुटकी निघते, हे त्यांनीच लोकांना शंभरदा सांगितलं होतं. त्यांनी बाईंचा पुतळा उलटा केला. तळाची कड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झाली होती, कंपनीचं नाव वरून रंगवलेलं नव्हतं, चकचकीत झिलईच्या आत होतं. हाच अस्सल, शंकेला जागाच नव्हती. भोवती पंधरा-वीस माणसं उभी होती.

“नक्कल,” गुणवंतराव म्हणाले.

“पण काका, नक्कल लहान असते ना?” प्रसन्नने विचारलं.

“हा वेगळ्या साच्यातला आहे. बिल्कुल हल्लीचा.”

“अहो, ह्यांनी मला स्वतः सांगितलं होतं...” भानुमतीबाई म्हणाल्या.

“काकू, नवरे बायकोला सांगतात तसं. बाजारातून आणायचं आणि साहेबाचं नाव घ्यायचं.”

लोक हसले. बाईही कसनुसं हसल्या. “माफ करा हं, तुमचा वेळ घेतला,” म्हणत त्यांनी पुतळा टॉवेलात गुंडाळला आणि त्या निघून गेल्या.

घरी आल्यावर, प्रदर्शनात सोबत असलेल्या कुमुदताईंनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं. म्हणाल्या, “अहो, आपलाच बुटका होता ना?” गुणवंतरावांनी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते हिंदूरावला गेले. भानुमतीबाईंनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली. पुतळा कुठेच दिसत नव्हता.

“काकू, तुमचा दवंडीवाला अस्सल आहे. माझा नकली आहे. मला ते तेव्हाच कळलं होतं.”

बाई म्हणाल्या, “तेव्हाच?”

“हो.”

“पुतळ्याचं काय एवढं, गुणवंतराव. पण मी रात्रभर ह्यांनी सांगितलेल्या एकेक गोष्ट आठवत बसले होते. ही खरी असेल का, ती तरी खरी असेल का. एकोणपन्नास वर्षांचा संसार, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तुम्ही एका शब्दात काढून घेतलात.”

गुणवंतरावांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले.

“तुम्ही तिथे चला. मी सगळ्यांसमोर सांगतो.”

“मी नाही येणार. काल हसलेली माणसं आज तुम्हाला कुठे सापडणार? तुम्हाला सांगायचं तर सांगा.”

बाईंनी चहा विचारला नाही. मराठी माणसाला त्या घरातून चहाशिवाय परत पाठवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ती गोष्ट गुणवंतरावांना बसमध्ये वाटभर सलत राहिली.

सदनात येऊन त्यांनी आपल्या पुतळ्यापुढची चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली : ‘नक्कल. अस्सल दवंडीवाला श्रीमती भानुमतीबाईंकडे आहे. काल मी जाणूनबुजून खोटं बोललो. – गुणवंत टिपणीस’. टेबलाशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ते तोंडानेही सांगू लागले. काहींनी नजर चुकवली. एक सहसचिव “जाने दो यार” म्हणून पुढे सरकले. ते हलक्याने घेणं गुणवंतरावांना सगळ्यात जास्त लागलं. कालच्या माणसांपैकी चौघंच पुन्हा आली. उरलेल्यांना त्यांनी आठवून आठवून फोन केले.

संध्याकाळी प्रसन्न आला. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

“काका, माझ्याकडचे पाचही पुतळे तुमच्या सांगण्यावरून घेतलेत. त्यांचं काय?”

“ते मी मनापासून पाहिले होते.”

“पण आता मी कसं समजू?”

“दुसऱ्या कोणाला तरी दाखव,” एवढंच गुणवंतराव म्हणाले. प्रसन्नने मान हलवली, आणि नेहमीसारखं गाडीतून घरी सोडू का, असं न विचारताच तो निघून गेला.