मैनाचं ऑपरेशन

ऑपरेशनसाठी मैना कुत्रीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, म्हणून लंकाबाईच्या घशाखालीही सकाळचा चहा उतरला नव्हता. मखमलाबादच्या मळ्यातली झेंडूची तोड नवऱ्यावर सोपवून ती सुनेला, तेजलला, आणि मैनाला घेऊन रिक्षाने कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात आली. मागच्या खेपेला मैनाला सहा पिल्लं झाली होती. दोन रस्त्यावर चिरडली, चार हगवणीने गेली. सगळी लंकाबाईनेच पुरली. तेव्हाच तिने ठरवलं, आता कुत्रीचं ऑपरेशन करून टाकायचं.

पण डॉक्टर मंजुषा तपासून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, ती गाभण आहे. फार दिवस झालेले नाहीत. आज ऑपरेशन करता येईल, पण पिशवीबरोबर पिल्लंही जातील. नाहीतर व्यायल्यावर, पिल्लांचं दूध सुटलं की आणा. विचार करून सांगा."

लंकाबाई बाकावर बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली.

"आत्या, घरी नेऊ तिला," तेजल म्हणाली. "या वेळी मी सांभाळीन पिल्लांना."

"मागच्या वेळंलाबी तूच सांभाळत व्हती ना? चमच्यानं पानी पाजत व्हती. काय झालं मग?"

तेजलचे डोळे भरून आले. उगाच बोलले, असं लंकाबाईला झालं. आत मैना भुंकली. लंकाबाई दारापर्यंत धावली आणि तशीच मागे फिरली. हे ठरवणारे आपण कोण? पण आपण नाही ठरवायचं तर कुणी?

"करा, बाई," ती शेवटी डॉक्टरांना म्हणाली. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली.

ऑपरेशन होईतो ती टेकली म्हणून नाही. गुंगीतल्या मैनाला बाहेर आणलं तेव्हा तेजलने तिला मांडीवर घेतलं. घरी येईपर्यंत तिने मैनाला सासूच्या हाती दिलं नाही.

पुढचे दोन दिवस दोघींचं बोलणं कामापुरतंच. मैना जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन भिंतीवर आपटत फिरायची आणि लंकाबाई हातातलं टाकून टाके बघायला जायची. तिसऱ्या दिवशी मैनाने वाटीभर दूधभाकरी संपवली.

"आत्या, खाल्लं बघा तिनं!" तेजलने ओट्यावरून हाक मारली. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही जा मळ्यात. मी बसते हिच्यापाशी."

लंकाबाई गेली. पण फुलं तोडताना मन लागेना. अर्ध्या तासात ती परत आली, तेजलशेजारी ओट्यावर बसली आणि झोपलेल्या मैनाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दमलात ना?" तेजलने विचारलं.

"लय," लंकाबाई म्हणाली.