डोंगरातला कच्चा पाव

दाग्रून तशी घुमी मुलगी. वर्गात हजेरीला "हो" म्हणायचं तरी ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. पण या हिवाळ्यात शाळेच्या वादसभेतला एक मुलगा ऐन वेळी तापानं आडवा झाला, आणि गेर्दुरनं, म्हणजे त्यांच्या शिक्षिकेनं, मोकळी खुर्ची भरायची म्हणून दाग्रूनला उभं केलं. ती उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मग ते मिटायचं नावच घेईना. सोळा वर्षांचा तुंबलेला बांध फुटल्यासारखं झालं. तेव्हापासून ती घरात बोलायची, रस्त्यात बोलायची, मासळीच्या कारखान्यासमोरून जाताना सीगल पक्ष्यांशीसुद्धा बोलायची. आफी म्हणाले, "ही मुकी होती तेव्हा मला काळजी वाटायची. किती छान दिवस होते ते."

आफी म्हणजे आईचे वडील, बार्दुर. आई मासेमारीच्या मोठ्या जहाजावर इंजिन सांभाळायची आणि महिनामहिना समुद्रावर असायची. आम्मा, म्हणजे आजी, दोन वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे घरात आफी आणि दाग्रून, आणि त्या दोघांत मार्च महिन्यात येऊन पडलेला एक कागद.

कागद उत्तरेकडच्या शिबिराचा होता. तिथल्या लाव्हाच्या एका लांबलचक गुहेत बारा मुलामुलींनी सहा आठवडे राहायचं, मंगळावर असल्यासारखं. दार बंद. तेच पाणी गाळून गाळून पुन्हा प्यायचं, दिव्याखाली भाजी पिकवायची, बाहेर पडायचं तर जाडजूड पोशाख चढवूनच. दोनशे जणांनी अर्ज केला होता आणि दाग्रूनची निवड झाली होती. फक्त घरच्या मोठ्या माणसाची सही हवी होती, सोमवारपर्यंत. आईनं जहाजावरून फोनवर सांगितलं, आफी सही करत असतील तर माझी काही हरकत नाही. असं म्हणून तिनं स्वतःची मान सोडवून घेतली.

आफींनी कागद नाकाच्या टोकाशी धरून वाचला. गुहेतच बसायचं असेल तर आपलं तळघर काय वाईट आहे, असं म्हणाले. तिथे निदान जेवण तरी वेळेवर मिळेल.

दाग्रून तासभर बोलली. आफींनी तासभर ऐकलं. मग म्हणाले, "गुरुवारी शाळेत माणसानं मंगळावर जावं की नाही, याच विषयावर तुमची सभा आहे ना? मी येतो. तिथे मला पटव."

त्यांच्या शाळेतल्या सभेची रीत अशी, की सभागृहात खुर्च्यांचे दोन भाग. मध्ये वाट. ज्याला जे आधीपासून पटतं त्या बाजूला त्यानं बसायचं, आणि सगळ्यांचं बोलून झालं की ज्याचं मन फिरलं त्यानं उठून वाट ओलांडायची. हात वर करायची भानगड नाही. आपण कुठे होतो आणि कुठे गेलो हे गावानं डोळ्यांनी बघायचं.

"मी वाट ओलांडली तर सही," आफी म्हणाले. "नाही ओलांडली तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

दाग्रूनला आकाश ठेंगणं झालं. कारण तिच्याकडे हुकमाचा पत्ता होता, आणि तो पत्ता म्हणजे स्वतः आफीच. एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीत त्यांच्या बेटावर गावाच्या उशाशी जमीन फाटून लाव्हा उसळला तेव्हा आफी एकोणीस वर्षांचे होते. अख्खं बेट पहाटेच्या आत नावांत बसून मुख्य भूमीवर गेलं. त्यांचं घर गेलं. अजूनही तेव्हा तयार झालेल्या एल्डफेल डोंगराच्या उतारावर एका जागी थांबून आफी पायानं लाव्हा ठोकतात आणि म्हणतात, खाली आपलं स्वयंपाकघर. तेव्हा कितीतरी शहाणी माणसं म्हणाली होती की हे बेट आता सोडून द्या. आफी पंधरा दिवसांत परत आले, पाण्याचे नळ धरून लाव्हा थिजवायला त्याच्यावर समुद्र ओतत उभे राहिले, पुढच्या वर्षी आम्माला घेऊन आले, राखेवर गवत पेरलं. ज्या जमिनीनं हाकललं तिच्यावर घर बांधलेला माणूस मंगळाला कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

आणि नुसतं सांगायचं नाही, खायला घालायचं, असं तिनं ठरवलं. आम्मा काळा पाव भट्टीत भाजत नसे. पिठात काकवी आणि ताक घालून ते पत्र्याच्या डब्यात भरायची, डबा एल्डफेलवर एका वाकड्या लाल दगडाशी कमरेइतका खोल पुरायची आणि दुसऱ्या दिवशी उकरून काढायची. डोंगराच्या पोटातली ऊब चोवीस तासांत पाव शिजवायची. दाग्रून तोच पाव, त्याच डब्यात, त्याच जागी भाजणार होती आणि सभेत कापून लोणी लावून वाटणार होती. राहू नका म्हणाले होते ना, मग घ्या, खा.

बुधवारी शाळा सुटल्यावर दोघं वर गेले. आफी त्या दिवशी भलतेच गरीब झाले होते. फावडं त्यांनीच आणलं. पीठही त्यांनीच मळून दिलं होतं. लाल दगडाशी ती खणायला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले की खोल खण. डबा पुरून झाल्यावर म्हणाले, तू हो पुढे, माझे गुडघे सावकाश उतरतील. दाग्रून भाषण घोकत उड्या मारत उतरली. तिला मागे वळून बघायला फुरसत नव्हती.

गुरुवारी दुपारी वारा असा सुटला होता की माणसानं चालायचं कुठे आणि पोचायचं कुठे याचा मेळ नव्हता. तिनं घाईघाईनं डबा उकरला, लोकरीच्या स्वेटरात गुंडाळला आणि धावत सुटली. डबा कोमट लागला. वाऱ्यानं निवला असेल, असं ती मनाशी म्हणाली.

सभागृह भरलं होतं. आफी 'जाऊ नये'च्या बाजूला तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. विरुद्ध बाजूनं आधी सुन्नेवा बोलली. ती दाग्रूनची जिवलग मैत्रीण, आणि जीभ अशी की कांदा न चिरता डोळ्यांत पाणी आणील.

सुन्नेवानं सुरुवातच केली ती माणसाला पृथ्वीवर नाचता येईना म्हणून अंगण वाकडं, आणि आता निघालाय दुसरं अंगण शोधायला, इथून. मग म्हणाली, जिला स्वतःची खोली आवरता येत नाही अशी एक मुलगी मला माहीत आहे, तिला अख्खा ग्रह हवाय. लोक हसले. दाग्रूनही हसली, कारण खरंच होतं ते. पण शेवटी सुन्नेवाचा आवाज उतरला.

"आपल्या गावाची गोष्ट दाग्रून तुम्हाला सांगणारच आहे," ती म्हणाली. "मी फक्त एक आठवण देते. त्या रात्री सगळ्या नावा बंदरात होत्या, कारण आदल्या दिवशी वादळ होतं. वादळ नसतं तर नावा समुद्रावर असत्या. आपण नावांमुळे वाचलो. मंगळावर बंदर नाही आणि नाव पण नाही."

 आफी जमिनीकडे बघत होते.

दाग्रून उठली. तिच्याकडे पाव होता. तिनं डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, सुरी खुपसली आणि कापायला गेली. सुरी चिखलातून निघावी तशी वर आली. काळं, चिकट, कच्चं पीठ सुरीवरून टेबलावर ओघळलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुन्नेवा हळूच म्हणाली, "मंगळावर असाच होणार बघ."

दोन महिन्यांपूर्वीची दाग्रून असती तर झाकण लावून घरी गेली असती. आत्ताच्या दाग्रूननं आफींकडे बघितलं. आफी तिच्याकडे बघत नव्हते. मग तिनं सुरी पुसली, घोकलेलं भाषण घडी करून खिशात घातलं आणि डबा तिरका करून सगळ्यांना दाखवला.

"कच्चा आहे," ती म्हणाली. "माझ्या आम्मानं याच डब्यात, त्याच दगडाशी आयुष्यभर पाव भाजला. मीही तिथेच पुरला. म्हणजे ती जागा आता थंड झाली. मी तुम्हाला सांगणार होते की बघा, जमिनीनं आपल्याला हाकललं आणि नंतर तीच आपल्याला पाव भाजून द्यायला लागली. आता ते कसं सांगू? पण मला एक विचारायचंय. डोंगर फुकट पाव भाजून देत होता म्हणून तुम्ही इथे राहिलात का? आणि आता तो निवला, तर उद्या सामान बांधायचं का?"

तिसऱ्या रांगेत एक म्हातारी नाही म्हणाली, जरा मोठ्यानेच.

"जागा चांगली आहे म्हणून कुणी वसत नाही. आपण वसतो आणि मग तिला चांगली करत राहतो, ती करू देते तोवर. मंगळ आपल्याला काहीच फुकट देणार नाही. हवा नाही, पाणी नाही, कोमट दगडसुद्धा नाही. मी लपवत नाही. खोली आवरायचं म्हणाल, तर त्या वर्षी या गावात अर्धी माणसं छपरावरची राख उपसत होती आणि बाकीची नवी घरं बांधत होती. आधी हे, मग ते, असं कुणी म्हणालं असतं तर मी आज पलीकडे मुख्य भूमीवर जन्मले असते."

 खरा मुद्दा अजून राहिला होता आणि तो तिला कळत होता.

"नावेचं सुन्नेवा बरोबर बोलली. आपण हुशार नव्हतो, नशीबवान होतो. म्हणून मी म्हणते की नाव असल्याशिवाय कुणी जाऊ नये. परतीची वाट न आखता जो जातो तो वसायला जात नाही, तो पळून जातो. पण नाव कुणीतरी बांधायला शिकावं लागतं, आणि ती मला शिकायचीय. मी उद्या निघाले नाहीये. कदाचित मी कधीच जाणार नाही. कदाचित माझं सगळं आयुष्य त्या बंदरावर जाईल, दुसऱ्यांच्या नावा बांधण्यात. तरी चालेल. पण माणसानं जावं."

खाली बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण घोकलेल्यातलं एक वाक्यही बोललो नाही.

गेर्दुरनं खूण केली. खुर्च्या सरकल्या. एक उठला, दोन उठले, मग रांगच लागली. ती म्हातारी काठी टेकत वाट ओलांडून आली. सुन्नेवाचा धाकटा भाऊ आला तेव्हा सुन्नेवा म्हणाली, घरी ये, मग बघते. दाग्रूनची बाजू भरली, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली.

आफी तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. आजूबाजूच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या तरी ते उठले नाहीत.

सुन्नेवानं तिला मिठी मारली, टाळ्या झाल्या, गेर्दुरचे डोळे भरून आले. दाग्रून सगळ्यांशी हसली. अख्खं सभागृह जिंकलं आणि एक खुर्ची हरली, आणि नेमकी तीच हवी होती. शब्द दिला होता. विषय आता त्या घरात निघणार नव्हता.

बाहेर आफी फावडं घेऊन वाट बघत होते. घराकडे न वळता ते एल्डफेलच्या वाटेला लागले. गुडघ्यांचं काही नाव नाही. लाल दगड मागे पडला, अजून पन्नासएक पावलं चढून ते एका खड्ड्याशी थांबले, फावड्यानं माती सारली आणि दुसरा डबा बाहेर काढला. तो त्यांना हातमोजा घालूनच धरावा लागला. झाकण उघडलं तशी काकवीची वाफ वाऱ्यावर गेली.

दाग्रून डब्याकडे बघत राहिली. मग दगडाकडे. मग आफींकडे.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"तो दगड थंड होऊन सात वर्षं झाली. आम्मा आणि मी दर वर्षी थोडं थोडं वर सरकत होतो."

"आणि तू मला खोल खण म्हणालास."

"म्हणालो." आफी डब्यातच बघत होते. "मला वाटलं, पाव कच्चा निघेल आणि तू खाली बसशील. मग घरी आणून तुला हा गरम पाव खाऊ घालीन, आणि तू राहशील. लबाडी केली मी. तुझी आई समुद्रावर, आम्मा मातीत. आता तू आकाशात."

दाग्रूनला इतका राग आला की तिला बोलता येईना, आणि अलीकडे हे तिचं पहिल्यांदाच झालं होतं. ती दहा पावलं उतरली. मग वळून परत वर आली, कारण पावाचा वास फार चांगला येत होता आणि कारण खाली जाऊन एकटीनं रागावण्यात अर्थ नव्हता.

"तू वाट का नाही ओलांडलीस?"

"पटलं नाही म्हणून. मंगळ म्हणजे वेडेपणा आहे. ते माझं मत मरेपर्यंत बदलायचं नाही." त्यांनी पाव मोडला आणि मोठा तुकडा तिच्या हातात दिला. "पण मी तुझ्या पायाखालची जागा काढून घेतली आणि तू उभी राहिलीस. असं माणूस तळघरात कोंडून ठेवणं पाप आहे. पेन आहे का?"

पेन होतं. कागद तर ती आठवडाभर छातीशी घेऊनच फिरत होती. आफींनी डब्याचं झाकण गुडघ्यावर पालथं ठेवलं, त्यावर कागद पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर पावाचा तुकडा दाबला आणि सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

"नाव असल्याशिवाय जायचं नाही," ते म्हणाले. "सगळ्या गावासमोर बोललीयस."

"बोललेय. आणि लबाडीची भरपाई म्हणून गुहेतून आल्या आल्या मला पाव हवा. तोवर ही जागा पण निवली असेल तर?"

"वर सरकू," आफी म्हणाले, आणि ते श्वास आत ओढत हलकेच "या" म्हणाले. बेटावरची म्हातारी माणसं मनापासून हो म्हणायचं असलं की म्हणतात तसं.

कागदाच्या कोपऱ्यावर काकवीचा तपकिरी डाग पडला होता. तो तसाच पाठवायचा का, असं दाग्रूननं विचारलं. आफी तोंडातला घास संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले की तसाच पाठव, घरचं जेवण कसं असतं ते तिथल्या लोकांना कळू दे.