उकळलेला स्पंज

सुनेला घाणीचं भारी वावडं. सासरे चार दिवस लेकीकडे गेले आणि तिची नजर त्यांच्या माशांच्या टाकीकडे वळली. गाळणीतला स्पंज काळाकुट्ट, बुळबुळीत. "आळस, दुसरं काय!" म्हणत तिनं तो पातेल्यात खळखळून उकळला, उन्हात वाळवला आणि ऐटीत परत बसवला.

झालं! टाकीतलं पाणी दुधाळ झालं. त्यातला म्हातारा मासा वर येऊन तोंड वासायला लागला. सासूबाईंनी देवाघरी जाण्याआधी हौसेनं आणलेला हा एकच जीव घरात उरला होता, आणि सासरे तर उद्याच परतणार होते. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं शोभेच्या माशांचं दुकान गाठलं.

"स्पंज उकळलात?" दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अहो ताई, सगळी वस्तीच मारलीत की!"

"कुणाची वस्ती?"

"जिवाणूंची. मासा घाण करतो, ती साठली की त्यालाच विष होते. हे जिवाणू त्या विषाचं खत करतात. खतावर पाणवनस्पती वाढतात, मासा त्याच कुरतडतो. हे रहाटगाडगं फिरतंय तोवर सगळे सुखी. तुम्ही मधलेच कामकरी काढून टाकलेत."

बोलता बोलता त्यानं आपल्या टाकीतला काळा स्पंज अर्धा कापला आणि पाण्यासकट पिशवीत घातला. "हा गाळणीत ठेवा. सुकू देऊ नका, आणि कृपा करून धुऊ नका! थोडं पाणी बदला, खाणं बंद ठेवा."

जिला पायपुसण्यावरचा डागही खपत नसे, ती बाई परक्याची घाण तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून भर रस्त्यानं घरी आली.

सांगितलं तसं सगळं केलं तरी जिवाला घोर होताच. सकाळी उठून पाहते तर मासा तळाशी शांतपणे पान कुरतडत होता. ती तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सासरे दारात. "अगं, काय झालं?"

"बाबा, मी तुमचा मासा मारलाच होता." तिनं सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी बॅग खाली ठेवली आणि ते टाकीपाशी जाऊन वाकले.

"काय रे, घाबरलास?" ते माशाला म्हणाले. "रागावू नकोस हं. आमची सून जरा जास्तच स्वच्छ आहे, पण तुझ्यासाठी रडलीय बघ."