वाढत्या अंगाचं युकुलेले

आमच्याकडे लहान मुलांना मापाची वस्तू आणायची पद्धतच नाही. गणवेश दोन वर्षं पुढचा, चपलेच्या टोकात कागदाचा बोळा. ‘वाढतं अंग हाय’ म्हटलं की विषय संपला. माझा नवरा निलेश तर या पंथाचा महाराजच. लग्नात तो ढगळ सफारीत उभा होता. अजून त्या सफारीच्या मापाचा झालेला नाही.

त्याची थोरली बहीण नंदाताई लोहगडवाडीत गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. तिची सृष्टी नऊ वर्षांची. मागच्या हिवाळ्यात मुक्कामाला आलेल्या कुणा पोरांनी जाताना तिला खेळण्यातलं प्लॅस्टिकचं युकुलेले देऊन टाकलं. चार तारांचं, गिटारचं पिल्लूच म्हणा ना. आठवड्यात पोरगी त्यावर देवळातली आरती वाजवायला लागली. शिकवलं कुणी? कुणीच नाही. पाहुणे जे गाणं म्हणत, ते हिच्या बोटांत उतरायचं. पुढे त्याच्या दोन तारा तुटल्या आणि मामानं जाहीर केलं, “भाचीला चांगलं वाद्य घ्यायचं. एक नंबर!”

निलेश सुदुंबऱ्याजवळच्या कारखान्यात माल तपासतो. केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवणारा माणूस. सृष्टीला घेऊन आम्ही लोणावळ्याच्या वाद्यांच्या दुकानात गेलो, तिथंही त्यानं तसाच दरबार भरवला. दांड्यावरच्या पट्ट्या बोचतात का ते नख फिरवून पाहिलं, खुंट्या पिळल्या, जोड उजेडात धरले. दुकानातला संदेश एकेक माप काढून ठेवत होता. निलेशनं बोट ठेवलं ते सगळ्यांत मोठ्यावर.

“दादा, हिच्या हाताला हे मोठं होईल,” संदेश म्हणाला. “लहान बघा.”

“वाढतं अंग हाय. मोटी झाली की बसंल बराबर.”

सृष्टीला विचारलं तर तिनं मान डोलावली. मामा एवढ्या हौसेनं घेतोय म्हटल्यावर आमच्यातली पोरं दुसरं काय करणार?

दोन-तीन महिन्यांनी नंदाताईचा फोन आला. “रूपा, पोरीची हौस फिटली गं. ते खुटीला टांगून ठिवलंय. हातच लावत न्हाई. कुनाला तरी दिऊन टाकती. निलूला बोलू नको, त्याला वाईट वाटंल.”

माझा विश्वास बसेना. जी पोरगी जेवतानाही ताटावर बोटं नाचवायची, तिची हौस अशी फिटेल?

रविवारी गडावर गर्दी असते, म्हणून आम्ही दोघं ताईच्या मदतीला गेलो. सरपण आणायला मी मागच्या पडवीत गेले, तर सृष्टी पाठमोरी बसून तेच जुनं प्लॅस्टिकचं, उरलेल्या दोन तारांवर हळूच वाजवत होती.

“अगं, मोठं का नाही वाजवत?”

ती दचकली. “मामी, मामाला सांगू नको ना. माझा हात पुरत न्हाई. पन पुरंल! मी रोज झोपताना ह्ये घालती.”

तिनं फ्रॉकच्या खिशातून दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचे तुकडे काढले. ते बोटांच्या बेचक्यांत कोंबायचे, वरून चिंधी आवळायची, म्हणजे हात रुंद होतो. हा शोध तिचा तिनंच लावलेला. बेचक्या लालभडक सोलवटल्या होत्या. मला रडू फुटलं, आणि रागही आला, आमच्या त्या ‘वाढत्या अंगा’चा. कपडा ढगळ असला तर पोर त्यात मावतं तरी. इथं पोरीनं स्वतःला ताणायला घेतलं होतं.

मी ऐकते कुठली! बाहेर जाऊन निलेशला पाण्याचे तांबे भरता भरता ओढून आणलं. त्यानं सृष्टीचा हात हातात घेतला, एकेक बेचकी पाहिली. कारखान्यात रोज मापं काढणाऱ्या माणसानं खुंटीवरचं मोठं युकुलेले उतरवलं.

“गाडीत बस, बाळा,” एवढंच म्हणाला.

वाद्य फारसं वापरलेलंच नव्हतं. संदेशनं बदलून द्यायला खळखळ केली नाही. या वेळी निलेश लांब उभा राहिला. “तूच बग. हात पुरंल त्येच घी.”

सृष्टीनं सगळ्यांत लहान मापातलं एक उचललं, छेडलं आणि परत ठेवलं. “ह्येचा सूर घसरतोय.” दुसरं कानाशी धरलं. खुंटी जराशी पिळली. मग तिथंच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, अख्खं गाणं वाजवलं, एकदाही न अडखळता. संदेश बिल करायचं विसरला. निलेश भिंतीकडे तोंड करून तिथली कॅलेंडरं बघत होता, म्हणजे डोळे पुसत होता.

आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरलो. सृष्टीच्या काखेत युकुलेले, डावा हात मात्र घट्ट मिटलेला.

“मामा,” तिनं भीत भीत विचारलं, “माझा हात लवकर वाढला तर?”

निलेश रस्त्यातच तिच्यापुढे उकिडवा बसला. तिची मूठ त्यानं एकेक बोट करून सोडवली.

“वाढू दे,” तो म्हणाला. “आपन दुसरं आनू.”