कापणीच्या सणाचा तांबडा कोंबडा

एक दुधी भोपळा

कापणीच्या सणाचा पहिला भोपळा विकला गेला, तोही भोपळ्याच्याच भावात. अंबड रस्त्यावरच्या आमच्या चर्चमध्ये असं पूर्वी घडलं नव्हतं. उपासना संपली की मंडळींनी आणलेलं पहिलं पीक अंगणात लिलावाला मांडतात. देवाचे उपकार मानायचे म्हणून वांगीसुद्धा लोक दुप्पट-तिप्पट भावानं घेतात. लिलाव पुकारतात कचरू साळवे.

पुकारायचे.

या साली कचरू गळ्याला मफलर गुंडाळून मागच्या खुर्चीत बसले होते आणि लिलाव पुकारत होते पाळकसाहेब. ते नवे, तरुण आणि फार सभ्य. "ज्यांना शक्य असेल त्यांनी" असं म्हणून लिलाव चालत नसतो.

कचरूंचा गळा

उन्हाळ्यात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, मंडळीनं उपकारस्तुती केली. आवाज मात्र गेला तो गेलाच. जखम भरली, आता बोलून बघा, असं डॉक्टर म्हणाले. कचरूंनी बघितलं. सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी नुसती हवा निघाली. काही दिवसांनी त्यांनी प्रयत्नच सोडला. न बोलणं एकवेळ सहन होतं, ती हवा ऐकवत नव्हती.

दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. निवृत्त तलाठी अप्पारावही करायचे, अगदी मनापासून. फक्त शेवटी "प्रभू, तुझ्या वेळेनुसार" असं जोडायचे, आणि प्रभूनं फार घाई करू नये असा त्यात थोडा सूर असायचा. मागच्या सणाला कचरूंनी भर लिलावात अप्पारावांच्या नव्या चष्म्याची एवढी तारीफ केली होती, की एक कच्ची पपई त्यांना सोन्याच्या भावात घ्यावी लागली होती.

कचरूंची बायको गोजरबाई ओठ मिटून प्रार्थना करायची. ती काय मागते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आगाऊ कोंबडा

एवढं मात्र ठाऊक होतं, की नवऱ्याचा आवाज आला तर घरचा तांबडा कोंबडा सणाला देईन, असं ती देवाला बोलली होती.

आवाज आला नाही. सण आला.

तिनं कोंबडा आणलाच. काम व्हायच्या आधीच कसला कोंबडा, असं बायकांनी विचारलं. देव काय गाव सोडून चाललाय, असं ती म्हणाली. कचरूंचा त्या कोंबड्यावर फार जीव. त्यांनी घरी जोरदार विरोध केला होता. पण आवाज नसलेल्या माणसाला बायकोशी भांडता येत नाही. तो माश्या हाकलतोय असंच वाटतं.

तोच कोंबडा, लिलावात

पाळकसाहेबांनी कोंबडा आरशासारखा दोन्ही हातांनी पुढं धरला आणि कुणाला हवा आहे का, असं विचारलं. अप्पारावांनी भोपळ्याचा भाव सांगितला.

पुढं कुणीच बोललं नाही. त्यात कंजुषी नव्हती. चढाओढ करावी तर न झालेल्या चमत्काराची थट्टा केल्यासारखं होईल, असं सगळ्यांना वाटलं. दयेपोटी कोंबडा स्वस्तात चालला होता.

"एक वार," पाळकसाहेब म्हणाले. "दोन वार."

गोजरबाईनं मान खाली घातली.

तेव्हा मागून आवाज आला. त्याला आवाज म्हणणं जरा धाडसाचंच. तेल न घातलेली बिजागरी कुरकुरावी तसं काहीतरी.

"थांबा, पाळकसाहेब. कोंबडा हाय तो, भोपळा न्हाई."

सगळे वळले. कचरू उभे होते. काय झालं ते सगळ्यांना कळलं, एकट्या त्यांना सोडून. त्यांची नजर अप्पारावांवर होती.

"अप्पाराव, गेल्या साली पपईला याहून जास्त दिले तुम्ही. अन् पपई काय आरवती का?"

अप्पारावांनी चष्मा काढला, पुसला, आणि बोली वाढवली. दुसरं कुणी पुढं येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच बोलीवर आणखी एक चढवली. पाळकसाहेब कोंबडा छातीशी धरून रडत राहिले. "तीन वार" म्हणायचं राहूनच गेलं. नियमानं पाहिलं तर तो लिलाव अजून चालू आहे.

उरलेलं

संध्याकाळी ओसरीवर कचरूंनी आवाज पुन्हापुन्हा तपासला. पहिल्याच्या निम्माही नव्हता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी हाक मारली की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठायची.

"एवढाच?" ते म्हणाले.

"मी तेवढाच मागितला व्हता," गोजरबाई म्हणाली. "म्हणलं, पुरा न्हाई दिला तरी चालंल. मला हाक मारण्यापुरता दे."

कचरू बराच वेळ गप्प राहिले. या खेपेला आपण होऊन.

"आख्खा जन्म लिलाव पुकारण्यात गेला माझा," ते शेवटी म्हणाले, "अन् माझी बायको देवापुढं इतकी कमी बोली लावती."

ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. आधण यायच्या आतच बाहेरून बिजागरी कुरकुरली.

"गोजर."

ती पदराला हात पुसत बाहेर आली. काम काहीच नव्हतं.

ती आत गेली. लगेच पुन्हा हाक आली.